बांगेच्या आतलं पाणी

चतुर्दशीच्या उपवासाला फूलचंद जैन रीतीप्रमाणे फक्त पाणी घ्यायचे, तेही सूर्य मावळायच्या, म्हणजे दर्ग्याकडची सांजेची बांग व्हायच्या आत. एवढ्या वर्षांच्या संसारात भागिरथीबाईंच्या स्वयंपाकघराचं घड्याळ ती बांगच. कापडाच्या दुकानातून ते लगबगीनं येत आणि दारातूनच ओरडत, "भागिरथी, तांब्या काढ, बांग होऊन राह्यली!"

आता घरात कुणी ओरडत नव्हतं. पौषात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि बोलणं तुटक झालं. साधं पाणी घशातून श्वासाच्या वाटेनं जाऊ लागलं. एकदा तसं गेलं आणि छाती भरली. अकोल्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मग एक पांढरी पूड दिली. ती पाण्यात ढवळली की पाणी जाड होऊन हळू उतरायचं.

आज मात्र त्यांनी ओठ मिटले ते मिटलेच. सकाळपासून थेंब नाही.

"अहो, पाणीच हाये हे."

"न्हाई. खीर," ते कष्टानं म्हणाले. "उपास... मोडते."

पुण्याहून लेकीचा, अपूर्वाचा फोन आला. "आई, साधं पाणी आहे म्हणून सांग आणि पाज."

"त्याईले फसवू? तुह्या बाबानं कधी गिऱ्हाइकाले बोटभर कापड कमी देल्लं नाही."

"मग खरंच साधं देणार आहेस का?"

"नाही वं."

"मग काय करशील?"

भागिरथीबाईंनी फोन ठेवला.

त्यांनी नव्यानं पूड ढवळली. पहिल्या दिवशी इथंच त्या फसल्या होत्या. चमचा फिरत होता तोवर ग्लासात पाणीच दिसत होतं, म्हणून त्यांनी आणखी पूड टाकली. हात थांबल्यावर त्याचा गोळा झाला आणि फूलचंदांनी तो थुंकून टाकला. सासूबाई लुगड्यांसाठी खळ शिजवायच्या तेव्हाही असंच व्हायचं. ढवळताना खळ पळीवरून धावायची, हात थांबला की जाड होऊन बसायची. "हात चालता ठेव पोरी, नाहीतर रुसते ते," सासूबाई म्हणायच्या. तेव्हा अंगणात चार बाया असायच्या आणि गप्पांना खळ नव्हता.

"हे पाहा," त्या नवऱ्यापुढे ग्लास धरून म्हणाल्या, "चमचा फिरला की पाणी, थांबला की जाड. पाणी ते पाणीच."

फूलचंदांनी तोंड फिरवलं. भिंतीवरचं ऊन छताशी गेलं होतं. बांग व्हायला आता वेळ नव्हता, आणि नंतर ते सकाळपर्यंत काही घेणार नव्हते.

भागिरथीबाई उठल्या आणि दुसरा ग्लास घेऊन आल्या. त्यातही पूड ढवळली. उपवास त्यांचाही होता, आणि ते प्याले नाहीत म्हणून त्याही प्याल्या नव्हत्या.

"आता मीबी हेच पेते. खीर असन तर दोघायचा मोडला. पाणी असन तर दोघायचा राह्यला."

त्यांनी घोट घेतला. तो जिभेवर रेंगाळला, टाळूला चिकटला, मग सावकाश सरकला. घसा ओला झाला, पण तहान होती तिथंच राहिली. इतके महिने त्या हेच भरवत होत्या आणि एकदाही चाखलं नव्हतं.

"इचीन, हे तं लय बेक्कार लागते हो!"

फूलचंदांच्या तोंडाची एक बाजू हलली. "मंग? रोज... काय म्हनतो मी?"

त्या हसल्या. हसताहसता पदर डोळ्यांना लावला. फूलचंदांनी दवाखान्यात शिकवल्याप्रमाणे हनुवटी खाली घेतली आणि तोंड उघडलं.

भागिरथीबाईंनी चमच्याचमच्यानं पाजलं. प्रत्येक चमच्यानंतर त्यांच्या घशाकडे पाहिलं. ठसका आला नाही. ग्लासाच्या तळाशी थोडं उरलं तेव्हा बांग झाली आणि फूलचंदांनी ओठ मिटले.

"भागिरथी," ते म्हणाले, "माठ... झाक."

माठातलं पाणी गार होतं. भागिरथीबाईंनी त्याच्याकडे बघितलं; बांग झाली होती, आता सकाळपर्यंत त्यांनाही पाणी नव्हतं. त्यांनी झाकण ठेवलं. मग दिवा न लावता त्या त्यांच्या पायाशी येऊन बसल्या.