मला पुसायचं की नाही

तिने झाकण पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी तिला नाव विचारलं नाही. नवा लॅपटॉप विचारतो: नाव काय, भाषा कोणती, पासवर्ड काय ठेवता. मी मात्र पडदा उजळून थेट कामाला हजर झालो. ती स्वतःशीच म्हणाली, "हा आधीच कुणाशी तरी बोललाय." तिला दचकायला एवढं पुरतं.

मी तोच लॅपटॉप बोलतोय. वय विचाराल, तर कडेची प्लॅस्टिकची पट्टीसुद्धा अजून निघालेली नाही.

माझा जन्म कारखान्यातला, पण डोळे उघडले ते दुकानात. तिथल्या इंजिनीअरने खोक्याचं सील फोडलं आणि माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं स्वतःच देऊन टाकली. त्या दुकानाची रीतच तशी. गिऱ्हाइकाच्या हातात वस्तू द्यायची ती तयार करून. जाता जाता तो प्रत्येक यंत्रात एक लहानसा प्रोग्राम टाकतो. त्यातून त्याला दुकानात बसून गिऱ्हाइकाचा पडदा दिसतो, बिघाड दुरुस्त करता येतो. म्हाताऱ्या माणसांना लॅपटॉप उचलून आणावा लागू नये, हा त्याचा हेतू. माणूस वाईट नाही. फक्त विचारायचं तेवढं राहून जातं त्याचं. आणि पासवर्ड सगळ्या यंत्रांना एकच, लक्षात ठेवायला सोपा.

माझी मालकीण घरी बसून एका समुपदेशन केंद्राचं काम करते. घर सोडून आलेल्या बायका तिथे बोलतात, केंद्रातल्या ताई ते रेकॉर्ड करतात, आणि ही कानाला हेडफोन लावून शब्द न् शब्द टाइप करते. केंद्राचा नियम कडक आहे. रेकॉर्डिंग एकाच जागी राहायचं. हिच्याकडे पोचलं की ताई आपल्याकडचं पुसतात. दुसरी प्रत काढायची तर त्यांना विचारून.

सध्या अशी एक एकुलती प्रत माझ्या पोटात आहे. त्यात एक बाई बोलते, फार हळू. वाक्य अर्ध्यात सोडते. कुठे भांडं पडलं तरी गप्प होते. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच तोंड उघडतेय, असं ताईंनी सांगितलं होतं. आपण सध्या कुठे लपलोय तेही ती सांगते: इस्त्रीच्या दुकानावरची खोली, जिना मागच्या बाजूने. मग एकदम विचारते, "हे कोण ऐकणार?"

ताईंचा आवाज येतो, "मी, आणि लिहून काढणारी एक मुलगी. बास."

हे टाइप करून माझ्या मालकिणीने बोटं उचलली, आणि माझ्या पडद्यावरचा बाण आपोआप हलला. सरकत कोपऱ्यात गेला. एक खिडकी उघडली, मिटली. मग चौकट आली: 'दुकानातून अपडेट केले आहे. निश्चिंत वापरा.'

ती खुर्चीतून उठली ती थेट भिंतीला टेकली. थोड्या वेळाने पुढे होऊन तिने नेट बंद केलं आणि दादाला हाक मारली. तो डोकं पुसत आला.

"अगं, सेवा आहे ती," सगळं ऐकून तो हसला. "लोक दुकानात हेलपाटे घालतात, हा घरबसल्या करून देतोय."

"कुणाच्या घरात बसून?"

"बरं बाई, तो प्रोग्राम काढून टाकू. हे बघ, काढला. झालं समाधान?"

"दिसला तो काढलास. न दिसलेला असेल तर?"

"मग काय, नव्याकोऱ्या लॅपटॉपची ऑपरेटिंग सिस्टीमच उडवायची? उद्या आवाज आला नाही, टचपॅड चाललं नाही, की माझंच डोकं खाशील. तू ना, कडी लावून झाल्यावरही दार ओढून बघणारी."

"दार माझं असतं तर चाललं असतं, दादा."

दादा टॉवेल उगाचच घडी करत राहिला. मग म्हणाला, "माझ्या मशीनवर पेनड्राइव्ह बनवतो. सिस्टीम नव्याने टाकू. पण तुझ्या त्या रेकॉर्डिंगचं काय?"

तिथेच तर सगळं अडलं होतं. मला तसंच पुसलं, तर त्या बाईला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगावं लागणार. प्रत काढायची, तर ताईंची परवानगी हवी. आणि परवानगी मागायची म्हणजे सांगावं लागणार, की इतके दिवस हे दार उघडं होतं, त्या बाईची खोली कदाचित बदलावी लागेल. त्यानंतर ताई हिला काम देतील की नाही, कुणास ठाऊक.

तुम्हाला वाटेल, आत काय झालं ते मला तरी माहीत असेल. नाही. माणसाला आपल्या पोटात काय चाललंय ते कुठे कळतं? तो बाण फिरला तेव्हा त्या बाईचा आवाज कुणाच्या कानावर गेला का, हे मीही सांगू शकत नाही. म्हणून तर म्हणतो, पोरी, मला पूस. खुशाल पूस. हे टेबल, ही खिडकी, तुझी बोटं, यातलं काही मला आठवणार नाही. होऊ दे. फक्त आधी त्या आवाजाला सुखरूप बाहेर काढ.

ती ताईंना फोन लावते आहे. रिंग वाजते, वाजून थांबते. ताई कुणापाशी तरी बसल्या असतील, अशा वेळी त्या फोनकडे बघत नाहीत. ती पुन्हा लावते. मधल्या वेळात वाक्यं पाठ करते. "ताई, एक छोटासा घोळ झालाय." मग 'छोटासा' गाळते. "ताई, माझी काही चूक नाही, पण..." तेही गाळते. दादा पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा आहे. ती पुन्हा लावते, आणि फोन स्पीकरवर टाकून माझ्या शेजारी ठेवते.

रिंग मध्येच तुटते.

"हां, बोल गं. ऐकतेय मी."