एकतीस वर्षांत एकही क्लेम नाही

“ताई, एक ध्यानात ठेवा. कागदाला क्लेम दिसतो, धडक दिसत नाही,” असं विमावाले काका म्हणाले, तेव्हा तिचं अर्धं लक्ष लेकीच्या तोंडाकडे होतं. साडेचार वर्षांची भिंगरी काकांच्या टेबलावरच्या टाचण्या चाखून बघणार की नाही, हाच त्या क्षणी जगातला सगळ्यात मोठा प्रश्न होता. तिने टाचण्यांची डबी उचलून फळीवर ठेवली, खिडकीची कडी लागली आहे ना ते पाहिलं आणि मग म्हणाली, “हो हो काका. पण सूट किती मिळेल ते सांगा.”

सूट हवीच होती. त्या वर्षीच्या विम्याचा हप्ता बघून तिचे डोळे पांढरे झाले होते. तिच्याइतकी जपून गाडी चालवणारी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती. निघण्याआधी ती चारी चाकांना प्रदक्षिणा घालायची, भिंगरीचा पट्टा तीनदा ओढून बघायची. आणि तिची कॉलेजातली मैत्रीण, जी एका हाताने लिपस्टिक लावत गाडी हाकायची, तिला मात्र अगदी अशाच गाडीचा हप्ता कमी!

“तुमच्या जपण्याला कोण विचारतो?” काका म्हणाले. “कंपनी दोनच गोष्टी विचारते. गाडी रात्री झोपते कुठे, आणि दिवसा चालवतो कोण. तुमची गाडी झोपते बाजाराच्या चौकात, उघड्यावर. तिथे हातगाड्या घासतात, आरसे चोरीला जातात, दर आठवड्याला कोणी ना कोणी कोणाला तरी ठोकतं. तुम्ही ठोका, नाहीतर नका ठोकू, चौकाचं पाप सगळ्यांच्या हप्त्यात वाटून येतं. आणि चालवता तुम्ही. लायसन्स तीन वर्षांचं, क्लेम दोन.”

“पहिल्या वेळी तो खांब मध्ये आला होता.”

“खांब नेहमीच मध्ये येतो, ताई.”

खरं तर दोन्ही वेळा मागे बसलेली भिंगरी अचानक गप्प झाली होती. मूल गप्प झालं की आईने वळून बघायचं असतं. कंपनीच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

उपाय बाबांनी काढला. “माझ्या नावाने घे,” ते म्हणाले. “एकतीस वर्षांत एकही क्लेम नाही!” दुसरी माणसं पदकं दाखवतात त्या थाटात ते हे वाक्य दाखवायचे. त्यात त्यांचं घर बंद गल्लीच्या टोकाला, वर छप्पर असलेलं गॅरेज, पुढे फाटक. काकांनी तो पत्ता आणि तो चालक धरून आकडा काढला, तर हप्ता जवळजवळ निम्म्यावर आला.

इथे दुसऱ्या कोणी अर्जात दोन थापा मारून विषय संपवला असता. पण खोटं लिहिणं हिला जमायचं नाही. कंपनीचा माणूस दारात उभा आहे आणि भिंगरी त्याला सगळं खरं सांगते आहे, असं तिला दिसू लागायचं. म्हणून तिने अर्जच खरा करून टाकला. गाडी बाबांच्या गॅरेजात ठेवली. स्वतः बसने ग्रंथालयात कामाला जाऊ लागली. दुपारी भिंगरीला बालवाडीतून आणायचं काम बाबांकडे दिलं. नवऱ्याचा प्रश्नच नव्हता, तो जन्माचा सायकलवाला.

“बघ भागूबाई,” बाबा म्हणाले. भित्री भागूबाई हे तिचं माहेरचं नाव, पुढे नुसतं भागूबाई उरलं. “आता तरी सुखाने झोप.”

आणि खरोखरच ती झोपली. जी बाई दूध उतू जाईल म्हणून दूधच आणायला घाबरायची, ती दुपारी दोन वाजता घड्याळाकडे न बघता पुस्तकांवर शिक्के मारू लागली. एकतीस वर्षं! कागदावर होतं.

पुढे महिन्याभराने एका संध्याकाळी ती कणीक मळत होती. स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंगरीने वाट्या उपड्या मांडल्या होत्या आणि बाहुलीला ताटात बसवलं होतं. “लाल! थांबा!” ती ओरडत होती. “हिरवा! चला! डावीकडे सायकलवाले काका! थांबा थांबा थांबा... गेले.”

“काय खेळतेस गं?”

“खेळ नाही काही. माझं काम आहे ते. मी आजोबांचे डोळे आहे.” भिंगरीने खिशातून चॉकलेटचे चार कागद काढून दाखवले. “हा माझा पगार. मी पुढे बसते, उशीवर.”

कणकेतला हात कणकेतच राहिला. आवाज होईल तितका गोड करून तिने विचारलं, “सायकलवाले काका डावीकडे होते का गं? डावीकडे म्हणजे कुठला हात?”

भिंगरीने पूर्ण आत्मविश्वासाने उजवा हात वर केला.

दुसऱ्या दिवशी तिने रजा टाकली आणि सकाळीच बाबांचं घर गाठलं. ते अंघोळीला गेले होते, म्हणून ती आधी गॅरेजात शिरली. तिथल्या खांबावर कमरेच्या उंचीला पट्टे होते. खाली निळा, त्यावर पांढरा, मग लाल, आणि अगदी ताजा राखाडी. लहानपणी तिला वाटायचं, खांब असाच रंगवलेला आहे. आज तिच्या लक्षात आलं की घरात गाड्याही याच क्रमाने आल्या होत्या. आणि राखाडी म्हणजे तिची.

फळीवर रंगाचे डबे, पोचे भरायची लांबी, पॉलिश कागद. बाबांनी उभा जन्म दातांच्या कवळ्या करण्यात घालवला होता. पोचा आला की दाढ भरावी तसा दरवाजा भरायचा, छटेला छटा जुळवायची, घासून गुळगुळीत करायचं. बघणाऱ्याला कळायची सोय नाही. मग क्लेम करतो कोण? पण गाडीच्या मागच्या दारावर तळहाताएवढा एक नवं ठिगळ होतं, आणि ते राखाडी नव्हतं, हिरवट होतं. जो माणूस दाताची छटा कणभर चुकू द्यायचा नाही, त्याला राखाडी आणि हिरवा वेगळा दिसला नव्हता.

पायरीवर आई विणत बसली होती. बाबांच्या गाडीत बसली की आई विणकाम काढायची आणि उतरेपर्यंत मान वर करायची नाही. वेळ सत्कारणी लागतो, म्हणायची. कपाटात स्वेटरांची चळत लागली होती.

बाबा बाहेर आले. ती त्यांना फाटकाशी घेऊन गेली. “बाबा, समोर लावलेल्या गाडीचा नंबर वाचा बघू.”

बाबांनी पापणीही न हलवता सगळे आकडे धडाधड म्हणून दाखवले. “झालं समाधान?”

“बाबा, ती गाडी शेजाऱ्यांनी गेल्या महिन्यात विकली.”

बाबांनी मान पुढे काढली. “मग ते पांढरं काय आहे?”

“पाण्याची टाकी. आडवी ठेवलीय.”

“मला वाटलं, तुला माहीत आहे,” आई पायरीवरून म्हणाली. टाका घातल्याशिवाय ती बोलत नसे. “मी काय हौसेने विणते?”

“तू गप्प बस! एकतीस वर्षांत—” बाबा गरजले आणि वाक्य तिथेच राहिलं. मग हळूच म्हणाले, “पोर बोलली वाटतं?”

“पगार वाढवून मागेल आता.”

बाबा हसले नाहीत. “तिला काही होऊ दिलं नसतं गं मी.”

“तुम्ही होऊ दिलं नसतं, बाबा. पण तुम्हाला दिसलं नसतं.”

बाबांनी खिशातून किल्ली काढली. दाराशेजारच्या खुंटीला अडकवायला हात नेला. खुंटी चार बोटं बाजूला राहिली, किल्ली खाली पडली. ती कोणी लगेच उचलली नाही. आईच्या सुया तेवढ्या थांबल्या.

त्याच दुपारी ती विमावाल्या काकांसमोर बसली. “काका, पत्ता चौकाचा लिहा. चालक मी. खांबांसकट.”

“महाग पडेल हो.”

“पडू दे.”

काकांनी भिंगरीकडे पाहिलं, आणि टाचण्यांची डबी स्वतःच उचलून फळीवर ठेवली.

बाबांचा मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. पट्टी सुटल्यावर ते गॅरेजात गेले आणि खांबावरचा एकेक पट्टा बोटाने मोजला. “अरेच्चा,” एवढंच म्हणाले. परवा ती सगळ्यांना फिरायला घेऊन गेली. बाबा शेजारी बसले होते आणि फुकट असल्यासारख्या सूचना देत होते. मागे भिंगरीशेजारी आई. विणकाम घरीच राहिलेलं. अर्ध्या वाटेत आई एकदम म्हणाली, “अगंबाई, इथे पूल कधी झाला?”

“आठ वर्षं झाली, आई.”

तर तिचं सांगणं एवढंच आहे. तुमच्याही घरात असं कोणी असेल, ज्याच्या नावावर वर्षानुवर्षं एक ओरखडा नाही आणि ज्याच्या हाती तुम्ही तुमचं पोर निर्धास्त सोपवता. त्यांचा कागद बघू नका. उद्या सकाळी, चांगल्या उजेडात, त्यांना फाटकापर्यंत घेऊन जा आणि समोरच्या गाडीचा नंबर वाचायला सांगा. फक्त ती गाडी पाठ असलेली नको. आणि ती गाडीच आहे ना, ते आधी तुम्ही बघून घ्या.