दहा वाजेपर्यंत

“डोळे चेंडूवर आणि कान टोल्यावर, मुके. चेंडू कुठे गेला ते मान वर करून बघायचं नाही. आवाज सांगतो.”

आक्कांचं हे सांगणं चौदा वर्षं माझ्या कानात आहे. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. माझ्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी मला गोल्फ शिकवलं, तेही स्वतःच्या जुन्या स्टिका माझ्या हातात देऊन. ‘मुकी’ हे नावही त्यांनीच ठेवलेलं. उठल्यापासून सकाळी दहापर्यंत मी बोलत नाही. एकवीस वर्षांचा नेम आहे. त्या वेळात लिहूनही सांगत नाही, खुणाही करत नाही. खुणा करणं म्हणजे उपास धरून पदराआड खाणं.

आता आक्कांची नजर जात चालली आहे. समोरचं माणूस त्यांना सावलीएवढं दिसतं. चेंडू कुठला दिसायला? महिन्यापूर्वी त्या म्हणाल्या, “नवव्या होलचं तळं मला पहिल्या टोल्यात कधी पार झालं नाही. तू कर. आणि मला शेजारी उभी करून कर.” मी हो म्हटलं. देवाला दिलेला शब्द आणि आक्कांना दिलेला शब्द, यांत मला फरक करता येत नाही.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी दिलेल्या ड्रायव्हरला तडा गेला. पहिला लांब टोला मारायची मोठ्या डोक्याची स्टिक म्हणजे ड्रायव्हर. तो फुटक्या मडक्यासारखा वाजायला लागला. आणि त्यापुढच्या सोमवारी आक्का लेकीकडे जाणार होत्या, कायमच्या. म्हणजे हातात उरला एक रविवार, आणि मैदानावर वेळ मिळाली ती सकाळी सातची.

शुक्रवारी जेवताना यजमान म्हणाले, “उद्या नऊची वेळ घेतलीय दुकानात. मापं घेऊन ड्रायव्हर देतात.”

“नऊची? अहो, दहानंतरची घ्या ना. मला बोलता यायचं नाही.”

“बोलायचंय कशाला? मारायचंय. मी आहे ना बोलायला. उलट बरंच आहे, तासाभरात उरकेल. तू बोलायला लागलीस की दुपार होते.”

मी हसले. सवयीनं. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

दुकान अरुंद, रबराच्या वासाचं. मागच्या बाजूला जाळी लावलेली खोली, हिरवी चटई, समोर पडदा. टोला मारला की पडद्यावर मीटर उमटतात. माप घेणाऱ्या माणसाच्या गळ्यात टेप होती, म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नाव शिंपी ठेवलं.

“मॅडम, किती वर्षं खेळताय?”

“चौदा,” यजमान म्हणाले. “तिचं मौन असतं दहापर्यंत. मला विचारा.”

“रोज?”

“रोज.”

शिंप्यानं हात जोडले. “साहेब, नशीब काढलंत!”

दोघंही खदखदून हसले. मी पर्समध्ये हात घालून माळ धरली. एका मण्यावर देवाचं नाव घेतलं. पुढच्या मण्यावर यजमानांचं आलं, आणि त्याला जोडून जो शब्द आला तो इथे लिहीत नाही.

पहिला ड्रायव्हर फिक्या जांभळ्या रंगाचा, पिसासारखा हलका. “खास लेडीजसाठी,” शिंपी म्हणाला. मी मारला. थप्प. ओला टॉवेल फरशीवर आपटावा तसा आवाज. पडद्यावर एकशे एकेचाळीस. यजमानांनी टाळी वाजवली. दहा टोल्यांत चार उजवीकडे भरकटले, पण पडद्यावर मोठ्या आकड्यांत दिसतो तो सगळ्यात लांबचाच. नवव्या होलला उजवीकडे सगळा चिखल आणि लव्हाळी आहेत, हे त्या पडद्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कोपऱ्यात मागच्या वर्षीचा एक काळा ड्रायव्हर उभा होता, जरा जड. तो मीच उचलला. टण्ण. छोटासा, स्वच्छ. माझे खांदे आपोआप खाली आले. पडद्यावर एकशे तेहेतीस, तेही सरळ.

“आठ मीटर कमी,” शिंपी म्हणाला, ताप चढल्याचं सांगावं तशा सुरात.

तळं पार करायला एकशे अठरा लागतात. मी काठाकाठानं पावलांनी दोनदा मोजलेत. कुणी विचारलं नाही. दुकानात तिघं माणसं होतो आणि चेंडू नेमका कुठे मारायचा आहे, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

“स्पर्धा आहे का काही?” शिंप्यानं यजमानांना विचारलं.

“छे हो! माझ्या थोरल्या बहिणीचा हट्ट. तिला हिचा टोला बघायचाय. आता तिला दिसतंय कुठे? कुठलाही मारला तरी सारखाच. तो जांभळाच द्या, दिसायला बरा आहे.”

माझ्या पायापासून कानशिलापर्यंत आग गेली. बोलणारा माणूस आक्कांचा पाठचा भाऊ. आक्कांनी याला सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, याच्यासाठी वडलांचा मार खाल्ला. नजर जायला लागल्यापासून हा दोन गल्ल्या ओलांडून त्यांच्याकडे एकदाही गेला नाही. ‘मला बघवत नाही,’ म्हणतो! ज्याला दिसतं त्याला बघवत नाही, आणि जिला दिसत नाही तिला काहीही चालतं!

“दांडा मॅडमना लांब होतोय,” शिंपी जांभळा ड्रायव्हर घ्यायला हात पुढे करत म्हणाला. “इंचभर कापतो. पण कापला की परत घेत नाही हं आम्ही.”

“कापा.”

भिंतीवर नऊ बेचाळीस झाले होते. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. एकवीस वर्षांचा नेम मोडून ओरडले असते, तर यांच्या लक्षात फक्त ओरडणं राहिलं असतं. घरी चारचौघांत सांगायला किस्सा झाला असता.

त्याच्याआधी मीच जांभळा ड्रायव्हर घेतला, माझ्या मागे जाळीला टेकवून ठेवला, काळा उचलला आणि चटईवर उभी राहिले. स्टिक फिरवणाऱ्याच्या मागे कुणी जायचं नसतं, हा या खेळातला पहिला धडा. मग मी मारत सुटले.

“अगं, झालं ना आता!”

टण्ण.

“मॅडमना थांबायला सांगा ना, साहेब.”

“तुम्हीच सांगा.”

टण्ण.

पहिले पाच-सहा चेंडू मी चेंडू म्हणून मारलेच नाहीत, ते कोण होतं ते देव जाणे. सगळे डावीकडे गेले. आवाजही चिरकला. रागानं हात आवळले गेले होते. तेव्हा आक्का आठवल्या. कान टोल्यावर. मी पडद्याकडे बघणं सोडलं. राग गेला नाही. फक्त हातातून खाली उतरून पायांत जाऊन बसला, आणि तिथे तो कामाचा होता. टण्ण. टण्ण. पुढचे सगळे सरळ.

घड्याळात दहा वाजले. मी स्टिक खाली टेकवली.

“हा घेणार आहे,” मी म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान आहे. दोघांना पुढे वाकावं लागलं. “दांडा कापायचा नाही.”

“अगं, पण आठ मीटर...”

“तळ्याला एकशे अठरा लागतात. तुम्ही विचारलंत?”

“तू बोलत नव्हतीस.”

“काल बोलत होते. दहानंतरची वेळ घ्या म्हटलं होतं.”

यजमान हातमोज्यांच्या रांगेकडे बघू लागले.

“आक्कांना दिसत नाही, पण ऐकू येतं. तो जांभळा त्यांच्या शेजारी उभं राहून मारला तर त्यांना काय कळणार? धुणं चाललंय म्हणून?” मी पर्स खांद्याला अडकवली. “आणि एक ऐका. माझ्या तोंडाची किल्ली मी देवाकडे दिलीय. तुमच्याकडे नाही.”

शिंप्यानं गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. “चुकलं, मॅडम. मी निदान दहापर्यंत थांबायला हवं होतं.”

“हो,” मी म्हटलं. उगाच ‘असू द्या’ म्हटलं नाही.

परतताना गाडीत यजमान गप्प होते. नेम नसताना माणूस किती वेळ गप्प बसू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी आक्कांकडे गेले. त्यांनी ड्रायव्हर मांडीवर आडवा घेतला, बोटांनी डोकं चाचपलं, नखानं टिचकी मारली.

“फटकळ आहे. माझ्यासारखा.”

“आक्का, उद्या सातला माझं मौन असेल. चेंडू पार गेला की पाण्यात, तुम्हाला सांगणार कोण?”

“मुके, चौदा वर्षं तुला काय शिकवलं मग?”

रविवारी पहाटे दिवा लावला, जप केला. राग काढून घे, असं देवाला म्हटलं नाही. आजच्या दिवस पायांत राहू दे, एवढंच मागितलं.

यजमान बूट घालून दारात उभे होते. बोलावलं नव्हतं. बॅग घ्यायला त्यांनी हात पुढे केला. मी दिली नाही, माझ्याच खांद्यावर चढवली. दोन गल्ल्या चालून आम्ही आक्कांच्या पायऱ्यांशी आलो. त्या टोपी घालून तयार होत्या, हात हवेत पुढे धरलेला. यजमान खालीच थबकले, नजर जमिनीवर.

मी वर गेले, आक्कांना उतरवून आणलं आणि त्यांचा हात भावाच्या हातात ठेवला.

मग बॅगेचा पट्टा सारखा केला आणि मैदानाच्या दिशेनं पुढे चालू लागले.