पाण्याचं शिक्षण

दीक्षा ओव्हाळ आठवडाभर सरकारी कचेरीत फायली हलवायच्या आणि रविवारी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या अभ्यासिकेत बसायच्या. बारावीच्या मुलामुलींना पुढे काय शिकता येईल, कुठली शिष्यवृत्ती मिळेल, हे त्या शोधून द्यायच्या.

डिसेंबरातल्या एका दुपारी तेजस्विनी घुले आली. सायन्सला होती, पण बी.कॉम. करणार म्हणाली.

"का?"

"कॉलेज जवळ आहे."

"रिक्षा स्टँडही जवळ आहे," दीक्षाताई म्हणाल्या. "बरं, वर्गात लक्ष नसतं तेव्हा ते कुठे असतं?"

तेजस्विनीनं खिडकीबाहेर बघितलं. मग हळूच म्हणाली, "कालव्यात."

लहानपणापासून तिला एकच स्वप्न पडायचं. घरामागच्या कालव्यात ती उतरते आणि पाण्याखालून प्रवाहाच्या उलट्या दिशेनं चालू लागते. ओलं होत नाही, श्वास अडत नाही. डोक्यावरून हडपसर जातं, स्वारगेटचे दिवे जातात, पर्वतीची टेकडी हिरवट काचेतून पाहावी तशी थरथरते. पाणी येतं कुठून ते बघायचं असतं, पण तिथं पोचायच्या आत जाग येते.

दीक्षाताई ऐकत राहिल्या. बाहेर उसाला तुरे आले होते, वाऱ्यावर सगळा मळाच तरंगतोय असं वाटत होतं.

पुढच्या रविवारी त्या तिच्या घरी गेल्या. तेजस्विनीचे आजोबा, सोनबा, ओसरीवर बसले होते. जन्मभर त्यांनी पाटकरी म्हणून कालव्याचं पाणी शेतांना वाटून दिलं होतं.

"आजोबा, पोरीला भूशास्त्र शिकू द्या. जमिनीतलं पाणी, कालवे, विहिरी, सगळं येतं त्यात. एका संस्थेची शिष्यवृत्तीही आहे."

"पान्याचं शिक्षान आस्तंय व्हय?" सोनबा हसले. "मग म्या बिनशिकलेलाच मरायचो की!" पण नको म्हणाले नाहीत.

शिष्यवृत्तीच्या अर्जात एकच अवघड प्रश्न होता: हाच विषय का? तेजस्विनीनं लिहून आणलं, 'पाणी हे जीवन आहे.'

"हे टँकरच्या पाठीवर लिहिलेलं असतं," दीक्षाताईंनी कागद परत केला. "तुझं काय ते लिही."

"मला येत नाही, ताई. ते नुसतं स्वप्न आहे."

"मग बघून येऊ."

कालवा जिथून निघतो त्या खडकवासल्याला तिघं बसनं गेली. धरणावर धुकं होतं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं, कळत नव्हतं. सोनबा पाण्याशी वाकले, ओंजळ भरली, वास घेतला.

"सकाळी हितनं सुटलं की सांजच्याला आपल्याकडं. पर येताना कमी व्हतंय. कुटं जिरतंय, कुटं मुरतंय, ते तेवढं कदी कळलं न्हाई मला."

तेजस्विनी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिथंच दगडावर बसून लिहू लागली. धुकं विरळ झालं, ऊन वर आलं, परतीची बस सुटली, तरी ती लिहीतच होती. दीक्षाताईंनी तिला हाक मारली नाही. सोनबांच्या शेजारी त्याही पाण्याकडे बघत बसल्या. कितीतरी वर्षांत त्या अशा नुसत्या बसल्या नव्हत्या.

मुलाखतीत तिला विचारलं, "शिकून काय करणार?"

"माझ्या आजोबांना एक उत्तर द्यायचंय," ती म्हणाली.

जुलैत निवड झाल्याचा फोन आला तेव्हा दीक्षाताई कचेरीत होत्या. पलीकडे तेजस्विनीला नीट बोलता येत नव्हतं, म्हणून सोनबांनी फोन घेतला.

"ताई, आमची पोर सोमवारपास्नं कालिजात. एक इचारू का? तितं म्हाताऱ्या मान्सांना मागं बसू देत्यात का ओ?"

दीक्षाताई हसल्या, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "विचारून सांगते, आजोबा."

आणि त्यांनी खरंच विचारलं.