शून्य लिटर

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. दागिन्यांची नव्हे, पाण्याची. वाशीमच्या मैत्री कॉलनीतल्या बागेला पाणी कधी द्यायचं आणि कधी थांबवायचं, हे तीन वर्षं मी ठरवलं. आज पंपाच्या खोलीत रंगाच्या रिकाम्या डब्यांमागे पडून आहे. माझं वय फार नाही, पण यंत्राला म्हातारपण लवकर येतं आणि बदनामी झाली तर त्याहूनही लवकर.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी वाशीमला आले आणि उस्मानभाईंच्या हाती पडले. पंप, नळ, वायरिंग यांत त्यांचा हात धरणारा वाशीमात दुसरा नव्हता. त्यांनी मला पंपाच्या खोलीबाहेर भिंतीवर बसवलं, टाकीतून बागेकडे जाणाऱ्या पाइपावर मीटर लावला आणि प्रत्येक वाफ्यात बारीक नळ्या फिरवल्या. मग माझ्या वायरीच्या टोकाला असलेली वीतभर सळई त्यांनी बागेच्या मधोमध, भर उन्हातल्या वाफ्यात खुपसली. ही सळई म्हणजे माझी सगळी अक्कल. तिला ओल लागली की मी पाणी बंद करते आणि माती सुकली की सोडते. याच्यापलीकडे मला काही येत नाही, हे मी आधीच सांगून टाकते.

"हे जागा कोणी हालवू नका," उस्मानभाई बजावून म्हणाले. "ह्या वाफ्याची तहान तेच पुऱ्या बागेची तहान."

कॉलनीचे अध्यक्ष जानराव साहेब बाजूलाच उभे होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी जोरात मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

माझ्याआधी बागेला पाणी द्यायच्या दुर्गाबाई. त्या मागच्याच वस्तीत राहायच्या आणि बारा वर्षांपासून ही बाग सांभाळत होत्या. टँकर यायचा ऐन दुपारी, त्यामुळे त्यांनाही पाइप दुपारीच धरावा लागे. अर्धं पाणी उन्हात जाई आणि बरंचसं रस्त्यावर. पहिले काही दिवस त्यांनी माझ्याकडे सवतीसारखं पाहिलं. रोज सकाळी येऊन त्या मातीत बोट घालत, ओल बघत आणि मग माझ्याकडे तोंड करून म्हणत, "हं, आज देल्लं वाटते." महिनाभरानं त्यांची खात्री पटली आणि आमचं जमलं. पाण्याचं मी बघायची, खुरपणी, छाटणी, खत त्या बघायच्या.

दोन उन्हाळे असे सुखाचे गेले. टँकर बंद झाले, बोअर वैशाखातही टिकली आणि वाचलेल्या पैशांतून कॉलनीनं मुलांसाठी झोपाळे आणले. दुसऱ्या कॉलन्यांचे लोक मला बघायला येत. एका कार्यक्रमात पाणी वाचवल्याबद्दल जानराव साहेबांना शाल मिळाली. दुर्गाबाई त्या दिवशी मागच्या ओळीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मला तेव्हाच वाईट वाटलं होतं, पण पेटीच्या वाटण्याला कोण विचारतो?

शालीनंतर साहेबांना आकड्यांचं वेड लागलं. माझा आकडा त्यांच्या मोबाइलवर दिसे. आज इतके लिटर, काल तितके, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. आकडा कमी झाला की त्यांची कळी खुले. बागेत पाऊल टाकणं मात्र हळूहळू कमी झालं.

मग यंदाचा एप्रिल आला. जयंतीचा मंडप बागेत पडला आणि खांबांसाठी खड्डे खणताना माझी सळई उपटली गेली. मंडप निघाल्यावर ती गवतात लोळत असलेली साहेबांना दिसली. उस्मानभाईंना एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण साहेबांनी सळई उचलली आणि स्वतःच्या हातानं पिंपळाच्या बुडाशी खुपसली. "मातीच त हाय, कुठीबी लावली तं काय फरक पडते?" असं ते स्वतःशीच म्हणाले. सावलीत, नीटनेटक्या जागी, मुलांच्या पायांत येणार नाही अशी लावली म्हणून त्यांना समाधानही वाटलं.

मित्रांनो, त्या पिंपळाबद्दल सांगते. मैत्री कॉलनीत गाडी कुठं लावावी इथपासून कचरा कुठं टाकावा इथपर्यंत कशावरच दोन घरांचं पटत नाही. पिंपळ मात्र सगळ्यांचा. बौद्ध घरांतली माणसं सकाळी वंदना झाली की बोधिवृक्ष म्हणून तांब्याभर पाणी घालतात. वैजयंतीताई आणि त्यांच्या मैत्रिणी पूजेचं पाणी घालतात. मेहरबी आपा पाखरांच्या परळातलं शिळं पाणी तिथंच ओततात आणि मग ताजं भरतात. उन्हाळ्यात तर शाळेतून येणारी मुलंही बाटलीतलं उरलेलं पाणी तिथंच रिकामं करतात. बारा महिने त्या बुडाशी चिखल असतो.

आणि माझी जीभ त्या चिखलात!

मला वाटलं, बाग तृप्त आहे. मी नळ्या बंद केल्या आणि बंदच ठेवल्या. दहा पावलांवर माती तडकत होती, पण मला ती कळणार कशी?

दुर्गाबाईंना आठव्या दिवशीच कळलं. त्यांनी साहेबांना गाठलं.

"साहेब, पाणी सुटूनच नाही राह्यलं. वाफे कोरडे ठक्क झाले."

साहेबांनी मोबाइल पुढे केला. "हे पाहा. ओल पुरेपूर हाय म्हणते मशीन."

"मशीन म्हणते, पण माती नाही म्हणत ना. तुमी एकडाव येऊन हात लावून पाहा."

"दुर्गाबाई, मशीन पाणी वाचवून राह्यली त तुमच्या पोटात काहून दुखून राह्यलं?"

त्यांनी बागेच्या नळालाही कुलूप लावलं, म्हणजे कोणी पाइप जोडायला नको. मे महिन्याचा आकडा आला शून्य लिटर. साहेबांनी फाटकावर फलक लावला, 'शंभर टक्के पाणी बचत'. त्या फलकाखाली मेंदीचं कुंपण वाळून काटक्या झालं होतं. लोक फलक वाचत आणि कुंपणाबद्दल म्हणत, यंदा ऊनच भारी आहे.

बागेच्या कोपऱ्यात दुर्गाबाईंनी बी टाकून वाढवलेलं एक जांभूळ होतं, गुडघ्याएवढं. ते मान टाकायला लागलं तेव्हा त्यांना राहवलं नाही. स्वतःच्या घरी नळाला एक दिवसाआड येणारं पाणी साठवून त्या पहाटे कळशीभर घेऊन येऊ लागल्या. जांभळाला घालायचं आणि रिकामी कळशी कमरेवर घेऊन घरी जायचं. येताना त्यांना कोणी पाहिलं नाही. जाताना मात्र पाहिलं.

झालं! बाई टाकीतून कळशी भरून नेते, अशी कुजबुज सुरू झाली. संध्याकाळी बागेतच भरलेल्या बैठकीत साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "इथं आमी थेंब थेंब वाचवून राह्यलो आन् तुमी कळशा भरून नेता?"

"साहेब, म्या घरून आणलं. जांभळाले घातलं."

"आजपावतर कोणी घरचं पाणी दुसऱ्याच्या बागेत आणून टाकलं का?"

लोक हसले. "दुसऱ्याच्या" हा शब्द दुर्गाबाईंना लागला असावा, कारण त्या तिथूनच मागे वळल्या. पंधरा वर्षांचं काम पाच मिनिटांत सुटलं. त्यांची वर मान करून बघायची सवय होती. त्या दिवशी जाताना मान खाली होती. मी भिंतीवर होते. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

पुढच्याच आठवड्यात एक कोवळा कडुनिंब वाळला तेव्हा कुठं साहेबांनी उस्मानभाईंना बोलावलं. त्यांनी वायर धरली आणि तिच्यामागे चालत थेट पिंपळापाशी पोचले. सळई बाहेर काढली तर चिखलानं माखलेली.

"इथं कोणं लावली हे?"

साहेबांनी मोबाइल खिशात टाकला.

"मशीन सही हाय साहेब. जागा गलत हाय. तुमी एका झाडाचं ऐकलं आन् पुरी बाग तहानी मारली." मग त्यांनी मीटर पाहिला आणि ते थबकले. "आन् दुर्गाबाईवर चोरीचा इल्जाम टाकला म्हणे? टाकीतून निघणारं सारं पाणी ह्या मीटरातून जाते. नळाचंबी. महिनाभर शून्य हाय साहेब. मंग बाईनं नेलं काय?"

मित्रांनो, तो आकडा महिनाभर साहेबांच्या खिशात होता. फलकावर तर रंगवलेला होता. सगळ्या कॉलनीनं तो वाचला होता आणि टाळ्याही वाजवल्या होत्या.

"झालं ते झालं, भाऊ," साहेब हळूच म्हणाले. "बैठकीत हे काढू नका. मशीन खराब निघाली, असं सांगू."

उस्मानभाईंनी मजुरी घेतली नाही आणि ते परत आलेही नाहीत. मला दुसऱ्याच कोणी तरी उतरवलं. बैठकीत ठरलं की मशीन खराब होती. टँकर पुन्हा सुरू झाले. मेंदीच्या आणि वाळलेल्या वाफ्यांच्या जागी आता प्लास्टिकचं हिरवं गवत आलं आहे. दुपारी ते इतकं तापतं की मुलं त्यावर पाय ठेवत नाहीत.

दुर्गाबाई एकदा आल्या होत्या, आपली खुरपी न्यायला. ती याच खोलीत होती. दारात साहेब भेटले.

"उस्मानभाईनं मले सांगतलं सारं," त्या म्हणाल्या. "मले काम नाही पाह्यजे, साहेब. फक्त इतकं सांगा लोकायले, का बाईनं पाणी चोरलं नोतं. माह्या नातीले वस्तीतले पोट्टे चिडवतात."

"आता जुनं कायले उकरता, बाई?" साहेब म्हणाले, आणि घड्याळ बघत निघून गेले.

दुर्गाबाईंनी खुरपी पदराला पुसली. मग डब्यांमागे माझ्याकडे बघितलं, माझ्या झाकणावरची धूळ हातानं झाडली आणि गेल्या.

मित्रांनो, पाणी जरूर वाचवा. त्यासाठी माझ्यासारखी पेटीही जरूर बसवा; आम्ही पाणी वाचवतो, पैसाही वाचवतो आणि खोटं बोलत नाही. पण आम्हाला जिथं बसवाल तेवढंच आम्हाला कळतं. बाकीचं तुम्हीच बघायचं असतं. यंत्र चुकीच्या जागी लागलं तर उपटून दुसरीकडे लावता येतं. माणसावर चुकीचा आळ लागला तर तो काढायला त्याच्या दारी जावं लागतं. दुर्गाबाईंचं दार या खोलीपासून दोन गल्ल्या पलीकडे आहे. मला पाय नाहीत. ज्यांना आहेत, त्यांच्यापैकी आजवर एकही तिकडे गेलेला नाही.