किल्लीवाल्यावर लावलेली पैज

राग हा माणसाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, असं थोर लोक सांगून गेले आहेत. थोर लोकांना कोणी बालवर्गाच्या बाकावर, गुडघे हनुवटीला टेकवून, स्वतःच्या अब्रूचं जाहीर वाचन करायला लावलं नसावं. किल्लीवाल्याला लावलं होतं. लॉटरी सोडू पाहणाऱ्यांची बैठक शाळा सुटल्यावर बालवर्गातच भरायची.

तिथे त्याला बायकोने धाडलं होतं. आधी तिने कपाटाला कुलूप लावून पाहिलं. पण कुलुपं उघडण्यावरच ज्याचं पोट, त्याच्या घरात कुलूप म्हणजे दुधाला मांजराचा पहारा. पोरीच्या चष्म्याचे पैसे तिकिटांत गेले तेव्हा ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "अहो, आता आणखी एक तिकीट घ्या, की मी पोरीला घेऊन भावाकडे चालले. मग बसा रिकाम्या घराला कुलपं लावत." ओरडणाऱ्या बायकोला माणूस सरावतो. न ओरडणारीला भ्यावं लागतं. तो गेला.

बैठक चालवायचे गणिताचे निवृत्त मास्तर. लॉटरी लागणं किती अशक्य आहे ते फळ्यावर मांडून दाखवायचे. हे गणित तोंडपाठ असतानाच त्यांनी पेन्शन घालवली होती. शेजारच्या बाकावर इस्पितळातली सिस्टर. तिने लेकीच्या बांगड्या विकल्या होत्या, आणि ते सांगताना ती कोणाकडे बघत नसे.

वर्गाच्या दाराचं कुलूप अडकायचं. "तुमच्याच हातचं काम आहे, बघा की," मास्तर म्हणाले. कोणीतरी त्याच्याकडे हिशेब न मागता काम मागितलं, याचंच त्याला अप्रूप. बुधवारी तो हत्यारांची पिशवी घेऊन लवकर पोचला, लोटलेल्या दारापुढे गुडघ्यांवर बसला आणि किल्लीच्या भोकाला डोळा लावला. आत मंडळी आधीच जमली होती.

"किल्लीवाला? आजच घसरतो बघा," मास्तर म्हणत होते. "संध्याकाळी मोठी सोडत आहे. हरेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा."

"मी शुक्रवार धरते," सिस्टर म्हणाली.

दार धाडकन उघडलं.

"लाज वाटते का?" किल्लीवाला ओरडला. "मी इथे काळीज काढून ठेवतो आणि तुम्ही त्याच्यावर डाव लावता?"

मास्तरांचा चेहरा खडूसारखा पांढरा. "हो... म्हणजे सवय हो. जीभ घसरली."

"मग कुठल्या तोंडाने मला शिकवता?"

"शिकवतंय कोण?" सिस्टर म्हणाली. "बाहेर धीर धरवत नाही म्हणून इथे येऊन बसतो आम्ही."

तो निघाला तो थेट कोपऱ्यावरच्या तिकिटांच्या टपरीवर. 'नशीब उघडा!' अशी पाटी. आयुष्यभर लोकांची दारं उघडून देणाऱ्याला हे शहाणपण शिकवणारी पाटी फोडावी असं त्याला वाटलं.

"या शेठ! कुठे होता? तुमचा आकडा राखून ठेवलाय," टपरीवाला म्हणाला. शेठ! घर धुऊन नेलं आणि वर शेठ!

हात खिशात गेला. तेवढ्यात धापा टाकत सिस्टर आली. "पिशवी विसरलात."

"तुमचा शुक्रवार बुडेल म्हणून धावलात ना?"

"हो. आज तिकीट घेतलंत तर मास्तर जिंकतील. बघवेल त्यांचा चेहरा?"

त्याने डोळ्यांपुढे आणला. बघवेना.

"आणि मग शुक्रवारी काय करू?"

"शुक्रवारी मला हरवा," सिस्टर म्हणाली. "मी बांगड्या विकल्या तेव्हा असं कोणी मागे धावलं नव्हतं." तिने पिशवी त्याच्या खांद्याला अडकवली, आणि तो हलेपर्यंत तीही हलली नाही.

घरी येऊन त्याने भांडं आपटत सगळं सांगितलं. "माझ्यावर पैज! जनावर आहे का मी?"

बायको पोरीची वेणी घालत होती. "मी तर कालचाच दिवस धरला होता," ती म्हणाली. "बॅग भरलेली आहे."

"मग रिकामी कर ती!"

"उद्या बघू."

रागाने तो जेवला नाही. तिकीटही घेतलं नाही.

त्या संध्याकाळी सोडत झालीच नाही. यंत्र बिघडलं होतं.