चपलांजवळची जागा

नवऱ्याचं नाव बायकोनं घेऊ नाई म्हणतात. पण आमच्या चर्चच्या मंडळीनं माझ्या नवऱ्याचं नाव माइकवरून इतक्या वेळा घेतलं, का आता मी एकटीनं लाजून काय करू? तं सुधाकरराव. माझे मालक. भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, आमच्या गावात प्रार्थनेची टिनाची शेड आहे, थोडीच घरं जमतात तिथं. त्या सगळ्या घरांत मिळून एकच माणूस असा होता, ज्याची दारू प्रभूनं सोडवली. बाकीचे म्हणतात, आमी तं कधी शिवलोच नाई. म्हणून लोकायले दाखवायले एकटे सुधाकररावच.

बाप्पा, काय मान होता त्यायले! मंचेरियलले मांडव पडो का बासरच्या वाटेवर, मेळावा म्हटला का पहिला निरोप आमच्या घरी. पांढरा शर्ट घालायचा, स्टेजवर उभं राह्याचं अन् सांगायचं, मी नालीत लोळत होतो, बायकोले मारत होतो. मारत नव्हते हो! एकदा हात उचलला होता, तं मीच लाटणं दाखवलं. पण आमचे पुढारी उद्धवराव म्हणाले, थोडं मारलेलं असलं का साक्ष चांगली वठते. लोक ढसाढसा रडायचे अन् जाताना मालकाले एक कापडी पिशवी भेटायची, 'येशू तारतो' छापलेली. मी त्याच पिशव्यायमध्ये वांगे अन् मेथी भरून आदिलाबादच्या रैतू बाजारात नेते.

मग दिवाळीनंतर पैनगंगेच्या पलीकडे माझ्या भाच्याचं लग्न निघालं. तिथं माझ्याच भावानं त्यायच्या हातात शिंदीचा गिलास दिला. "एवढ्यानं काय होते, दाजी?" काय होते ते दुसऱ्या दिवशी साऱ्या मंडलानं पाह्यलं. भीमपूरच्या बस स्टॉपवर मालक आडवे, डोक्याखाली तीच पिशवी, अन् 'येशू तारतो' नेमकं वरच्या बाजूले. कोण्या पुण्यवंतानं फोटो काढून मंडळीच्या ग्रुपवर टाकला.

घरी आले. हातपंपाजवळ बसून राह्यले. मी खूप भांडली, मग रडली, मग भाकर वाढली. ते म्हणाले, "कुसुम, मी मेलो असतो तं बरं झालं असतं." मले भेव वाटलं, खरं सांगते. दारूचं भेव वेगळं अन् हे वेगळं.

मंडळीनं सभा घेतली. उद्धवराव आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे हुद्द्यानं वडील, वयानं माझ्या मालकाहून लहान. माणूस पडला याचं त्यायले काई वाटलं नाई. मेळावा भरवणाऱ्या मंचेरियलवाल्यायले आता काय सांगायचं, याचाच घोर. सगळ्यायनं मिळून शिक्षा ठरवली. सुधाकररावनं ईस्टरपर्यंत मागं, दाराशी, चपलांजवळ बसायचं. ढोलकले हात लावायचा नाई, साक्ष द्यायची नाई, अन् येशूच्या आठवणीत सगळे घेतात तो प्रभुभोजनाचा कप भेटणार नाई. ईस्टरले पाहू म्हणे, पश्चात्ताप दिसते का. घ्या! पश्चात्ताप काय कापसाचं बोंड आहे, फुटला का दिसते?

पण मालकानं मान हलवली. दर रविवारी सगळ्यायच्या आधी जायचे, दाराशी बसायचे अन् येणाऱ्यायच्या चपला जोडीजोडीनं लावून ठेवायचे. दारूले पुन्हा तोंड लावलं नाई. सांज झाली का तलफ यायची, मग माझ्यासंगं वांग्यायले पाणी द्यायले यायचे. शिंदीचं दुकान आमच्या वाटेवरच आहे. एक दिवस म्हणाले, "ईस्टरले कप हातात आला का समजन, देवानं परत घरात घेतलं." मी विचारलं, "अन् नाई आला तं?" ते पुढच्या वाफ्याचं पाणी वळवायले गेले. तवापासून मीही कप घेणं सोडलं. त्यायले नाई तं मलेही नको.

आता त्या कपाचं सांगते. आमच्याकडे द्राक्षाचा रस कुठून आणता? उद्धवरावची बायको रुक्माबाई दरवेळी मनुका उकळून त्याचं पाणी गाळते, तेच प्रभुभोजनाले चालते. औंदा ईस्टरच्या तोंडावर तिचा गॅस संपला, अन् लेकीकडे जायची घाई. तिनं काय करावं? मनुका, पाणी अन् वरून गोडीसाठी गुळाचा खडा, सगळं प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून बूच लावलं अन् कॅन टिनावर उन्हात ठेवून गेली, ती आठवड्यानं ईस्टरच्या आदल्या दिवशीच परतली. म्हणे, ऊन असं आहे का आपोआप शिजते. शिजलं बाई, चांगलं शिजलं. जाणता माणूस असता तं म्हणाला असता, रुक्माबाई, हे तुमी भलतंच काई मांडलं. पण आमच्या मंडळीत जाणतं कोण? सगळे सोवळे!

ईस्टरचा रविवार आला. टेबलावर पांढरी चादर, कागदाची फुलं. आमचे पास्टर जीवन, तरणे, मंचेरियलचे, घरी तेलुगू बोलणारे. मराठी पत्रकं वाचून शिकले, त्यामुळं बोलतातही पत्रकासारखंच. त्यायनं बूच फिरवलं तं कॅन फिस्सकन बोलला. उद्धवराव म्हणाले, "हवा धरली होती." पहिला कप पास्टरनं घेतला, दुसरा उद्धवरावनं, मग सगळ्यायले वाटला.

मी कप घेतला नव्हता, म्हणून तोंडं पाहत बसली. पांडुरंगरावनं डोळे मिटले ते बराच वेळ उघडलेच नाई. बयनाबाई ओठ चाटून राह्यली. एकदोघायची नाकं हलली, नजरेले नजर भेटली अन् लगेच खाली गेली. उद्धवरावनं, वाया जाऊ नाई म्हणून, दुसरा कप घेतला. मग गाणं उठलं. एरवी आमची मंडळी मैतीले आल्यासारखी गाते, त्या दिवशी टाळ्या काय, हल्लेलूया काय, टिनावरची कबुतरं उडून गेली. मले वाटलं, खरंच पवित्र आत्मा आला का काय!

मग पास्टरनं हाक दिली. "बंधू सुधाकर, पुढे या."

मालक उठले. शर्ट मीच धुवून दिला होता. सतरंजीच्या मधून चालत गेले, गुडघे टेकले, दोन्ही हातांनी कप घेतला. पास्टर म्हणाले, "घ्या, बंधू. प्रभूने तुम्हाला क्षमा केली आहे."

कप ओठाजवळ गेला अन् थांबला. मी त्यायचा चेहरा पाह्यला. भाच्याच्या लग्नात गिलास हातात आला होता, तवाचा तोच चेहरा. कप कलला, चार थेंब चादरीवर सांडले. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, आता तूच.

त्यायनं कप खाली ठेवला. "पास्टरसाहेब, मी हे घेऊ शकत नाई."

उद्धवराव ताडकन उठले. "पाह्यलं? मंडळी माफ करून राह्यली अन् हा नाई म्हणते! गर्व आहे गर्व!"

"गर्व नाई, उद्धवराव. हे आंबलं आहे. दारू झाली याची. हे पोटात गेलं तं मी इथून घरी जात नाई, सरळ शिंदीच्या दुकानात जातो."

"प्रभूच्या टेबलावर दारू म्हणते! तुले बरा वास ओळखू येते!"

"येते," मालक म्हणाले. "म्हणूनच तं मले चपलांजवळ बसवलं. पण इथं दुसऱ्या कोणालेच येत नाई का?"

कोणी पंखा पाहे, कोणी नखं. वास आला म्हणावं तं वास माहीत आहे हे कबूल करा, अन् नाई म्हणावं तं तोंडाचा भपकारा शेजाऱ्याले येऊन राह्यला. माझं डोकं फिरलं. मी उभी झाली.

"उद्धवराव, दुसरा कप काऊन घेतला?"

"वाया जाऊ नाई म्हणून."

"असं? मग दाराशी पाण्याचा माठ भरून आहे, तो कधी नाई संपवला तुमी!"

तिकडे रुक्माबाईनं गळा काढला. "उकळलं नाई वो माय, उन्हातच ठेवलं! गूळही मीच टाकला!"

पास्टरनं हातातला कप टेबलावर ठेवला. अन् पहिल्यांदाच पत्रकासारखं नाई बोलले. "मला कळलं होतं. पहिल्याच घोटाला."

"मग बोलले काऊन नाई?" मी विचारलं.

"बोललो असतो तर तुम्ही म्हणाला असता, पास्टरला कसं माहीत. कॉलेजात असताना मी प्यायचो, ताई. खूप. इथं येताना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला ठेवलं नसतं."

ते टेबलामागून निघाले, सतरंजीच्या मधून चालत गेले अन् दाराशी, चपलांजवळ, मालकाच्या जागेवर जाऊन बसले. आता काय करायचं ते कोणालेच सुचेना, कारण पास्टर चपलांजवळ बसले तं काय, हे सभेत ठरलंच नव्हतं. मग पांडुरंगराव उठले, डोळे उघडले होते एकदाचे, अन् पास्टरजवळ जाऊन बसले. मग बयनाबाई सरकली. मग एकएक करून बाकीचे. थोड्या वेळात समोरची सतरंजी रिकामी अन् चपलांजवळ पाय ठेवायले जागा नाई. समोर आमच्या दोघायशिवाय उभे फक्त उद्धवराव, हातात रिकामा कप.

मले हसू येऊन राह्यलं होतं. वाटलं, बसा आता ईस्टर ते ईस्टर! माझ्या माणसाले बसवलं होतं नं, कसं वाटते पाहा! पण मालक दाराशी गेले अन् पास्टरच्या खांद्यावर हात ठेवला.

"उठा पास्टरसाहेब. इथं बसून काई होत नाई. मी बसून पाह्यलं."

पास्टरनं वर पाह्यलं. "मग काय करायचं?"

"समोर चला. कुसुम, माठ आण."

मी माठ आणला. मालकानं स्वतःच्या हातानं कप विसळले अन् पाणी भरलं. पहिला कप कोणाले दिला असेल? उद्धवरावले! "घ्या," म्हणाले, "हे चढत नाई." उद्धवरावनं घेतला. मान वर केली नाई, पण घेतला. पास्टरनं प्रार्थना केली, ती मात्र लय छोटी होती. मग मालकानं आपला कप उचलला, अन् इतक्या महिन्यांनी मीही माझा.

बाहेर निघालो तं गर्दीनं तुडवून सगळ्यायच्या चपला एकमेकांत गेलेल्या. उद्धवराव कमरेत वाकून आपली दुसरी चप्पल शोधून राह्यले होते. मालक मदतीले खाली वाकू लागले, तं मी त्यायचा हात धरला. म्हटलं, शोधू द्या त्यायले, तुमी घरी चला. शिंदीचं दुकान मागं पडेपर्यंत मी तो हात सोडला नाई.